चार्ली कंपनीचा कायमचा जखमी

आमची पलटण छावणीत आली तेव्हा सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं. सोळा वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी बर्फात नाहीतर वाळूत गेलेली, आणि आता पोस्टिंग थेट स्वतःच्या गावात, छत्रपती संभाजीनगरला. बायको पुंडलिकनगरात, मी छावणीत. मध्ये फक्त एक रिक्षा.

तेव्हा मी नाईक होतो. दंडावर दोन फिती. आडनाव दांडगे, उंची पाच फूट सात इंच, आणि वजन तोवरच्या आयुष्यात चोपन्न किलोच्या वर गेलेलं नव्हतं. नवीन साहेब रोल कॉलला "दांडगे!" म्हणून पुकारायचे आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडं बघायचे. मी "हाजिर साहेब" म्हटलं की एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा हातातल्या कागदाकडं.

पण फौजेत कुठलीच वस्तू वाया जात नाही. माझ्या हाडकुळेपणालाही काम सापडलं होतं.

दरवर्षी पलटणीतल्या कंपन्यांच्या स्पर्धा होतात. त्यात एक स्ट्रेचर रेस असते. चार जण स्ट्रेचर उचलतात आणि पाचवा जखमी म्हणून त्यावर झोपतो. दीड किलोमीटरचा रस्ता, वाटेत एक नाला आणि छातीइतकी भिंत. आपला जखमी जी कंपनी आधी पोचवेल ती जिंकली. जखमी कोण, हे ज्या त्या कंपनीनं ठरवायचं. शहाणी कंपनी सगळ्यात हलका माणूस झोपवते. आमची चार्ली कंपनी शहाणी होती. सलग सहा वर्षं मी जखमी होतो. पट्टी कधी डोक्याला, कधी गुडघ्याला. चार गडी खाली धापा टाकत पळायचे आणि मी वर पडून आभाळातल्या घारी बघायचो. घामाचा थेंब न गाळता सहा मेडलं मिळवणारा अख्ख्या पलटणीत मी एकटाच.

उचलणाऱ्यांत उजवीकडं पुढं असायचा लान्स नाईक गव्हाणे. पैठणजवळच्या एका खेड्यातला. खांदा बैलासारखा आणि तोंड चोवीस तास चालू. तो माझा बडी. बडी म्हणजे जोडीदार: राहणं, गस्त, गोळीबार, सगळं जोडीनं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान म्हणून मला दादा म्हणायचा. दादा म्हणून झालं की उरलेला सगळा वेळ माझी टिंगल.

त्या उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला. मिलिटरी हॉस्पिटलातून बाहेर आलो तो एक्कावन्न किलोचा होऊन. एमआय रूमला, म्हणजे आमच्या दवाखान्यात, एक कॅप्टन मॅडम डॉक्टर होत्या. तिकडं केरळच्या. वयानं लहान, शब्दानं कडक. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, कागद बघितला आणि माझी मेडिकल कॅटेगरी खाली केली.

"साहेब, मेरा कॅडर है," मी म्हणालो.

हवालदार व्हायचं तर कॅडर कोर्स पास व्हावा लागतो, आणि कॅडरला बसायचं तर मेडिकल कॅटेगरी अव्वल लागते. वयाच्या हिशेबानं माझी ही शेवटची खेप होती. चुकली असती तर दोन फितींवरच घरी आलो असतो. माझे वडील नाईक म्हणूनच निवृत्त झाले होते आणि मरेपर्यंत म्हणत होते, "एक फीत राह्यली रे."

"छे महीने बाद मेडिकल बोर्ड है," मॅडम म्हणाल्या. "सत्तावन चाहिए. हफ्ते में आधा किलो. उससे ज्यादा नहीं. रोज थोडा ज्यादा खाना, और कसरत. समझे?"

"समझा साहेब."

समजलं काहीच नव्हतं. फौजेनं मला सोळा वर्षं एकच शिकवलं होतं: सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळेच्या आधी. सहा किलोंना सहा महिने? सहा महिन्यांत आम्ही आख्खी चौकी बांधतो.

कंपनीत परत आलो आणि सुभेदार मोहिते साहेबांना रिपोर्ट दिला. मोहिते साहेब साताऱ्याचे. स्ट्रेचर रेसचा कप हे त्यांचं दैवत. त्यांनी ऐकून घेतलं, आणि माझ्या फितीआधी त्यांना कप आठवला.

"रेस दीड महिन्यानी आहे. मॅडम आठवड्याला किती म्हणाल्या?"

"अर्धा किलो, साहेब."

"म्हंजे रेसपत्तुर तीन किलो. चोपन्न. गव्हाणे, चोपन्न झेपंल?"

"चोपन्न म्हंजे काय साहेब, आमच्याकडं कालवडीला धरून रिक्षात घालतो."

पंधरा दिवसांनंतरची माझी महिनाभराची रजा मंजूर झाली. सरावासाठी मोहिते साहेबांनी वाळूचं पोतं भरून घेतलं, बरोबर चोपन्न किलोचं. गव्हाणेनं त्याच्यावर रंगानं माझं नाव लिहिलं. मी रजेवर निघालो तेव्हा पोतं स्ट्रेचरवर पट्टी बांधून पडलं होतं. माझी ड्युटी त्याच्याकडं देऊन मी गेट ओलांडलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो महिना अधिक महिना होता. धोंड्याचा महिना.

सुनीताचं, म्हणजे बायकोचं, माहेर अजिंठ्याचं. माझे सासरे आबा आणि त्यांचे दोन भाऊ, तात्या आणि नाना. तीन घरं, एकच अंगण. जावई मात्र सगळ्यांत मिळून मी एकटा. बाकी घरांत पोरंच पोरं. तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला मी सियाचीनकडं होतो, त्यामुळं त्या वर्षीची बाकीही या तिघांच्या मनात राहिलेली.

आम्ही अजिंठ्याला पोचलो तेव्हा मला बघून आबांचा चेहरा पडला.

"जावईबापू, लई वाळले हो तुम्ही. लोकं मला इचारतील, पोरीच्या हाताला चव नाय का म्हणून."

"टायफॉईड झाला होता आबा."

"त्ये लोकांना कसं कळनार? तेवढं पोट भरा आता."

पहिल्या दिवशी आबांकडं. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप. तूप वाढायला सासूबाईंनी चमचा घेतला नव्हता, तांब्या घेतला होता. बरोबर कटाची आमटी, कुरडया, भजी. दुसऱ्या दिवशी तात्यांकडं तेच, फक्त तूप जास्त, कारण मोठ्या भावापेक्षा कमी पडायचं नाही. तिसऱ्या दिवशी नानांकडं, तात्यांपेक्षा जास्त. चौथ्या दिवशी मला वाटलं युद्धविराम झाला. आबा म्हणाले, "पहिली फेरी झाली."

प्रत्येक घरानं चांदीच्या ताटात तेहतीस अनारशांचं वाण दिलं. वाण घ्यायचं असतं, घरी न्यायचं असतं, आल्यागेल्याला वाटायचं असतं. मी ते माडीवर बसून एकट्यानं संपवलं. सकाळी पाच, दुपारी पाच, झोपताना उरतील तेवढे. आपण कर्तव्य बजावतोय असं वाटत होतं.

सुनीतानं एकदा हटकलं.

"डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला अर्धा किलो सांगितलंय ना? हे तर दिसाचं व्हायलंय."

"ते सिव्हिलियन लोकांचं प्रमाण असतं."

"डॉक्टरीणबाई कॅप्टन हायेत."

मी पुढचा अनारसा तोंडात टाकला.

अजिंठ्याच्या बाजारात कापूस मोजायचा काटा आहे. हंगाम नसल्यानं रिकामाच होता. आबांनी मला त्यावर उभं करायची प्रथा पाडली. आधी आम्ही चौघंच जायचो. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलातली माणसं चहा हातात घेऊन बाहेर यायला लागली.

"पाव्हणं, हलू नका," व्यापारी म्हणायचा. "काटा हलतोय."

"पाव्हणं कुठं हलत्येत? पोट हलतंय," हॉटेलातून आवाज.

आणि आकडा आला की भावाभावांत जुंपायची.

"सव्वा किलो वाढलं," तात्या म्हणायचे. "परवा कुणाकडं जेवले? माझ्याकडं."

"खाल्लं तुझ्याकडं, पण अंगी लागलं माझ्या ताकानं," नाना.

"आरं, पाया कुणी घातला?" आबा.

शेवटी असं ठरलं की पहिले दोन किलो आबांचे, पुढचे दोन तात्यांचे आणि त्यावरचे नानांचे. नाना धाकटे. त्यांना आपला वाटा कमी पडायची धास्ती, म्हणून शेवटच्या आठवड्यात मला त्यांनी घराबाहेर पडू दिलं नाही.

या सगळ्या काळात मी व्यायाम किती केला? माडीचा जिना चढत होतो. उतरणं कठीण झालं होतं, ते सोडलं तर चढणं ठीक होतं.

अधिक महिना संपला. मी शहरात आलो आणि महिनाभराच्या सात्त्विक जेवणावर उतारा म्हणून त्याच दिवशी नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खाल्ला. वजन एकोणसाठला थोडं कमी. सहा महिन्यांचं काम एका महिन्यात, वर पावणेदोन किलो बोनस. रेसच्या आदल्या संध्याकाळी ड्युटीवर हजर झालो. मोहिते साहेब कपाच्या काळजीत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, "रंग आला बरं का," म्हणाले आणि पुढं गेले. पोटाकडं त्यांनी बघितलं नाही. मी श्वास आत धरून उभा होतो.

सकाळी मैदानावर चार कंपन्यांचे चार जखमी ओळीनं झोपले. दोन्ही टोकांना वायरलेस सेट घेऊन पंच. भिंतीपाशी तिसरा. तंबूत सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख.

गव्हाणे माझ्यावर वाकला.

"दादा, पट्टी कुठं बांधली?"

"डोक्याला."

"मंग पोट कशानं सुजलं?"

"गप. पट्टा बांध."

स्ट्रेचरला एक पट्टा असतो, जखमी घसरू नये म्हणून. सहा वर्षं तो मला मोठा व्हायचा. उरलेलं टोक गव्हाणे माझ्या खिशात कोंबायचा. त्या दिवशी पट्ट्याची दोन टोकं माझ्या पोटावरून एकमेकांकडं बघत राहिली, भेटली नाहीत. गव्हाणेनं श्वास सोडायला सांगितलं. सोडला. मग त्यानं कुठून तरी सुतळी काढली आणि दोन टोकं गाठ मारून जोडली.

शिट्टी झाली.

"उचल!"

दांडे वर गेले. मी खालीच राहिलो. कॅनव्हासची झोळी झाली होती आणि मी तिच्या तळाशी जमिनीला टेकलेलो.

"आयला," गव्हाणे म्हणाला, "पोतं बदललं का काय!"

"पळा रे, पळा!" लांबून मोहिते साहेब.

पळाले. बिचारे खरंच पळाले. दीड महिना चोपन्न किलोवर ताल बसवलेले चार गडी, आणि वर पावणेपाच किलो जास्तीचे. वर घारी दिसत होत्या, पण यंदा त्या क्षणात जवळ, क्षणात लांब वाटत होत्या. नाल्यात डावीकडच्या मागच्याचा पाय अडखळला. नानखलिया घशापर्यंत येऊन परत गेला. भिंतीपाशी पोचलो तेव्हा आम्ही तिसरे होतो. भिंतीवरून न्यायचं म्हणजे स्ट्रेचर तिरकं करायचं, पुढचे दोघं आधी चढतात. गव्हाणे चढला. स्ट्रेचर तिरकं झालं. माझा सगळा भार सुतळीवर आला.

सुतळी अजिंठ्याच्या मानानं कमी पडली.

मी पाठीवर नाही पडलो. बसून पडलो. ज्या जागेवर माणूस बसतो त्या जागेचं शेवटचं हाड भिंतीच्या पायथ्याच्या दगडावर. तोंडातून जो आवाज आला तो कुठल्याही कंपनीच्या घोषणेत बसणारा नव्हता.

भिंतीवरच्या पंचानं सेट उचलला. त्याचं बोलणं पुढं वर्षभर पलटणीत पाठ होतं.

"कंट्रोल, चेकपोस्ट दोन. चार्ली कंपनीचा जखमी पडला. ओव्हर."

"चेकपोस्ट दोन, कंट्रोल. जखमी आहे, पडणारच. ओव्हर."

"कंट्रोल, तसं नाही. आता खरंच जखमी झालाय. ओव्हर."

क्षणभर खरखर. मग, "चेकपोस्ट दोन, सीओ साहेब विचारतायत, हाच आधीचा माणूस आहे का? ओव्हर."

नियम असा की जखमी जिथं पडला तिथूनच उचलायचा. मी म्हणालो, मी चालतो. गव्हाणे म्हणाला, "जखमीनं बोलायचं नसतं." मला पालथं टाकून त्यांनी रेस पूर्ण केली. चौथे आलो. कंपन्या चारच होत्या.

मोहिते साहेब माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. ते जास्त लागलं.

"दांडगे, सहा वर्सं झोपून कप आणलास. आज झोपून घालवलास."

त्याच स्ट्रेचरवरून त्याच चौघांनी मला एमआय रूमला नेलं. तिथं मात्र भिंत नव्हती. मॅडमनी हाड तपासलं. मोडलं नव्हतं. मग म्हणाल्या, "काटे पे."

आकडा बघितला. माझ्याकडं बघितलं. मी आशेनं म्हणालो, "साहेब, टारगेट से ऊपर."

त्यांनी टेप घेतली. आधी पोट मोजलं, मग दंड. पोट वाढलं होतं. दंड होता तसाच, काठीसारखा. म्हणाल्या, पुश-अप काढ. चौथ्याला मी जमिनीवर तसाच पडून राहिलो.

"ये दांडगे नहीं बढ़ा," मॅडम म्हणाल्या. "सिर्फ पेट बढ़ा."

रक्त तपासलं तर त्यातही अजिंठ्याचं तूप निघालं. मॅडमनी बाहेरचं खाणं बंद केलं. मग पोटानंच संप पुकारला. आठ दिवस मी बराकीपासून लांब गेलो नाही. पुढचं सांगत नाही, वाचक जेवत असतील. काट्यावर आलो चोपन्नवर. तीन भावांनी वाटून घेतलेल्या किलोंपैकी नानांचे पूर्ण गेले, तात्यांच्यातले निम्मे.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. जवळजवळ दोन महिने गेले होते. कॅटेगरी तशीच, फीत लांबच, आणि वडिलांचं ते "एक फीत राह्यली रे" कानात.

संध्याकाळी गव्हाणे पोतं घेऊन आला. माझं नाव लिहिलेलं. निम्मी वाळू त्यानं काढून टाकली होती.

"उचला."

"हाड दुखतंय."

"हाड दुखायचं थांबलं की उचला. दादा, आपण मॅगझिन भरताना सगळ्या गोळ्या एकदम कोंबतो का? एकेक दाबून बसवतो. कोंबल्या की अडकत्यात. मॅडम तेच सांगत व्हत्या, तुमी ऐकलं न्हाय."

मग सुरू झाला माझ्या नोकरीतला सगळ्यात कंटाळवाणा मोर्चा. रोज सकाळी पोतं खांद्यावर घेऊन मैदानाला चकरा. नंतर दोन अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे, जेवणात रोजच्यापेक्षा एक पोळी आणि वाटीभर वरण जास्त. एवढंच. मेजवानी नाही, उपास नाही. दर सोमवारी गव्हाणे लंगरमधला, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला, डाव घेऊन यायचा आणि पोत्यात अंदाजे अर्धा किलो वाळू टाकायचा. म्हणायचा, "तुमचं वाढो न वाढो, हेचं वाढणार."

सहा दिवस घाम गाळून अर्धा किलो. अर्धा किलो म्हणजे काय? बटाटे. एका भाजीचे. एखाद्या आठवड्याला तेवढंही नाही, काटा हलायचाच नाही. मी चिडून मॅडमकडं गेलो तर म्हणाल्या, "अच्छा है. ठहरने दो." अंगात मांस धरायला वेळ लागतो, घाई केली की चरबी धरते आणि तीही टिकत नाही, असं त्यांनी समजावलं. या खेपेला मी ऐकलं. बसताना अजून दुखत होतं, त्यामुळं ऐकायला सोपं गेलं.

अजिंठ्याहून आबांचा फोन यायचा.

"किती झालं, जावईबापू?"

"या आठवड्यात पाचशे ग्रॅम, आबा."

मग हळू आवाजात, "हिकडं या. एका पंगतीत करून टाकतो."

"नको आबा."

"नाना रडायलाय इकडं. त्येचा वाटा गेला म्हणतोय."

बोर्डाच्या सकाळी काट्यावर उभा राहिलो. सत्तावन्न आणि वर दोनशे ग्रॅम. मॅडमनी टेप काढली. पोट जागेवर, दंड दीड इंच जास्त. पुश-अप मागितले. मी चाळीसाला थांबलो, तेही त्या "बस" म्हणाल्या म्हणून. कागदावर सही झाली.

कॅडर पास झालो. तिसरी फीत लागली तेव्हा ती शिवायला गव्हाणेच बसला होता. वाकडी शिवली. पुढच्या वर्षीच्या रेसला चार्ली कंपनीनं मला जखमी म्हणून नापास केलं. एक नवीन रिक्रूट झोपवला, अठ्ठेचाळीस किलोचा. मी उजवीकडं मागं, गव्हाणे माझ्या पुढं. पहिल्यांदा खालून बघितलं मी ते. घारी दिसत नाहीत खालून. पुढच्याची मान दिसते आणि तिच्यावरून वाहणारा घाम. दुसरे आलो. मोहिते साहेब म्हणाले, चालंल.

त्या रात्रीपासून आमचा एक वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. मी म्हणायचो, गव्हाण्या, तू मला पाडलंस. तो म्हणायचा, "पाडलं न्हाय दादा, तुमी सांडलात."

त्यानंतरच्या पोस्टिंगला पलटण उत्तरेत वर गेली. तिथं एका सकाळी बर्फाचा कडा गस्तीच्या वाटेवर आला. गव्हाणे गस्तीत पुढं होता. त्याच्यामागच्या दोघांना आम्ही काढलं. त्याला काढलं तेव्हा उशीर झालेला होता.

त्याला घरी पोचवायला मी आलो. पैठण सोडून त्याच्या खेड्याकडं गाडी वळली. पाऊस होऊन गेलेला. वस्तीच्या अलीकडं ओढ्यावरचा रस्ता वाहून गेला होता. गाडी पुढं जाईना. पलीकडं सगळं गाव उभं होतं. त्याची आई सगळ्यांत पुढं.

पेटी उतरवून आम्ही चौघा जवानांनी खांदा दिला. उजवीकडं पुढं मी. ती त्याची जागा होती. ओढ्यात गुडघाभर पाणी, खाली गोटे, पलीकडं निसरडा चढ. मी नुकताच काट्यावर साठला पोचलो होतो, मॅडमच्या आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबानं, हळूहळू, काही आठवड्यांत काहीच नाही असं करत. त्यातलं अर्धा किलोही त्या दिवशी मला कमी करून चाललं नसतं.

चढावर एकदा पाय सरकला. गुडघा टेकला. खांदा नाही हलला.

मी त्याला पाडलं नाही.